हे काय असावे?

दुकान बंद व्हायच्या सुमाराला मी एका गिऱ्हाइकाला भलत्याच कुणाचा तरी कोट दिला. धुलाईच्या दुकानात काउंटरवर बसणाऱ्या बाईने करू नये अशी ही एकच चूक. डाग राहिला तर मशीनला बोल लावता येतो, चिठ्ठी चुकली तर फक्त मलाच. माणूस सज्जन होता. त्याने कोट अंगात घातला, बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत आलेल्या पाहिल्या, आरशात स्वतःकडे लांबच्या नातेवाइकाकडे बघावं तसं बघितलं आणि कोट काढून परत माझ्यासमोर ठेवला. मी पुन्हा पुन्हा माफी मागत राहिले. "असू दे," तो म्हणाला. मान जराशी हलवून, 'असू'वर किंचित रेंगाळून आणि 'दे' अलगद खाली ठेवून. आणि मी दचकून मागे वळून पाहिलं. मागे काय असणार? प्लास्टिकच्या पिशव्यांतून लटकणारे लोकांचे कपडे, पंख्याच्या वाऱ्याने एकमेकांना अंग घासत उभे. पण तो शब्द आमच्या घरातला होता. कित्येक महिने तो मी एकाच तोंडून ऐकत होते, आणि इतका ऐकला होता की तो इतरांनाही येतो, बाहेर वापरात आहे, रस्त्यावरचा कुणीही तो सहज उच्चारू शकतो, हेच विसरून गेले होते. आपल्या घरची वाटी शेजारणीच्या हातात दिसावी तसं झालं. मी त्याचा कोट शोधून दिला. तो गेला. मी शटर ओढलं.

घरात तो शब्द म्हणायचे ते हे. हे म्हणजे माझा नवरा. हल्लीच्या मुली नवऱ्याला नावाने हाक मारतात, ऐकायला छान वाटतं. मला ते जमलं नाही. मी आपला 'हे' आणि 'अहो' एवढ्यावर संसार रेटला. ह्यांनीही मला कधी नावाने हाक मारली नाही. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी ह्यांच्या वर्कशॉपमधला भुसा झाडून काढला, हत्यारं आकाराप्रमाणे भिंतीला लावली, आणि संध्याकाळी हे दारातच थबकून म्हणाले, "साहेब, आम्ही आत येऊ का?" तेव्हापासून मी साहेब. साहेब, चहा मिळेल का. साहेब रागावलेत, आज आपली बदली बाकड्यावर. भाजीवाल्यासमोर साहेब, बँकेत साहेब, माझ्या आईसमोरसुद्धा साहेब. आई आधी दुखावली, मग तीही फोनवर ह्यांना सांगायला लागली, "तुमच्या साहेबांना म्हणावं, आईची आठवण ठेवा." मी चिडायचे. चिडले की हे सलाम ठोकायचे. मग एका सकाळी दाढी करता करता ह्यांच्या मेंदूतली एक नस फुटली आणि उजवा हात, उजवा पाय आणि सगळी भाषा एकदम गेली. घराला आग लागून सगळं जळावं आणि राखेत एक चमचा सापडावा, तसा एकच शब्द उरला. असू दे. भूक लागली, असू दे. अंगावर चहा सांडला, असू दे. खिडकीत कबूतर आलं, असू दे. दिवसभर तो चमचा रिकाम्या घरात खणखणत राहायचा.

बोलायला शिकवायला एक मुलगी यायची. मी तिला मनातल्या मनात वाचाबाई म्हणायचे. प्रेमळ पोर, पावलांचा आवाज न करता चालायची. तिच्याकडे चित्रांची कार्डं होती: घड्याळ, किल्ली, चमचा, मांजर. तीच मला पहिल्यांदा बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, तुम्ही त्यांच्या असू देला उत्तर देता ना? देऊ नका. तो शब्द नाहीये. उचकी समजा. तबकडीवर सुई अडकते ना, तसं. तुम्ही उत्तर दिलंत की तीच आणखी घट्ट बसते. दुसरं काही येईपर्यंत थांबायचं." शिकलेली मुलगी, तिच्या हाताखाली अशी कितीतरी माणसं बोलती झालेली. मी थांबले. हे म्हणायचे असू दे, आणि मी गप्प राहून मांजराचं कार्ड वर धरायची. हे मांजराकडे बघायचे, मग माझ्याकडे, मग पुन्हा मांजराकडे, जणू मांजर आणि मी, दोघांत खुळं कोण ते ठरवतायत. ज्या माणसाशी अर्धं आयुष्य भांडण्यात गेलं, त्याने तोंड उघडलं की आपण भिंत व्हायचं, ह्याची सवय होते. तेच वाईट. सवय होते. आणि खरं सांगायचं तर मला मांजर नकोच होतं. मला 'साहेब' हवं होतं. एकदाच, अडखळत, अर्धवट, कसंही. पण हे मी वाचाबाईला सांगितलं नाही. तिच्या कार्डांत साहेबाचं चित्र नव्हतं.

कोटवाल्याने सगळा घोळ केला. त्या रात्री ह्यांच्या पायांना तेल लावताना माझ्या डोक्यात तेच फिरत होतं, की त्याचं असू दे शब्द आणि ह्यांचं मात्र उचकी, हे कुणी ठरवलं? त्या माणसाला मी आत शिरून थोडंच बघितलं होतं? तोही सवयीने म्हणाला असेल. लोक किती गोष्टी सवयीने म्हणतात आणि आपण त्यांना उत्तरं देत बसतो. "असू दे," हे म्हणाले, बहुधा तेलाला. मी ओठ मिटून घेतले. पण सकाळी उठून ह्यांच्या धाकट्या भावाला फोन केला आणि म्हटलं, भावजी, तुमची गाडी रविवारी मोकळी आहे का, ह्यांना ह्यांची कपाटं दाखवून आणू या.

हे काचेची कपाटं करायचे. सुरुवातीला दुकानांसाठी, चष्मे आणि घड्याळं मांडायची. पुढे शहराबाहेरच्या खेड्यांमधून बोलावणी यायला लागली. त्या भागात माणसांना निवृत्त झाल्यावर कसलं वेड लागेल ह्याचा नेम नाही. कुणी आयुष्यभर जमवलेली कुलपं घेऊन धान्याच्या रिकाम्या कोठारात संग्रहालय काढलेलं, कुणी बंद पडलेल्या शाळेत बटणांचं. वस्तू भरपूर, ठेवायला मात्र बुटांची खोकी. मग ह्यांना निरोप. हे मापं घ्यायला जायचे, नंतर कपाट बसवायला जायचे, आणि दोन्ही वेळेला मला बरोबर न्यायचे, काचा पुसायला. "काच कशी, साहेबांच्या नजरेखालून गेलेली बरी." मी वस्तू बघायची. हे कपाटाभोवती फिरायचे. "वस्तू सगळेच बघतात हो. कपाटाला कोण विचारतं?" शेवटी हे दार लावायचे आणि कान देऊन उभे राहायचे. चांगल्या कपाटाचं दार लागताना आतल्या हवेने बारीकसा सुस्कारा टाकला पाहिजे. तो आला म्हणजे फटी नाहीत, धूळ आत जाणार नाही. नाही आला तर हे सगळं दार परत उतरवायचे, मालक जेवायला वाढून ताटकळत बसला तरी. मला वाटलं होतं, शब्द गेले पण हात आहे. डावा का होईना. स्वतःच्या लाकडावर हात पडला तर आत कुठेतरी काहीतरी सुटेल. ह्याला वैद्यकात काही आधार नाही, मला माहीत आहे.

"वहिनी, माणसं आजारी माणसाला देवाला नेतात, समुद्रावर नेतात. कपाटाला?" भावजी गाडी वळवत म्हणाले.

"तुम्ही रस्त्याकडे बघा. सल्ला डिकीत ठेवा."

"दादा, ऐकतोस ना? तुझ्या साहेबांनी मला ड्रायव्हर केला."

मी पटकन ह्यांच्याकडे पाहिलं. तो शब्द ऐकून काही हललं का? हे खिडकीबाहेर बघत होते. शेतं मागे जात होती, पाण्याची टाकी, एकट्या उभ्या बसथांब्यावर एकटी उभी बाई. उजवा हात मांडीवर दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला घेतल्यासारखा ठेवलेला. "असू दे," हे म्हणाले. भावजींनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि विनोद आवरता घेतला.

बटणांच्या शाळेत अजून संग्रहालय काढणाऱ्या त्याच बाई होत्या. केस सगळे पांढरे झालेले, पण चष्म्याच्या दोरीला तेच मोठं लाल बटण. त्यांनी ह्यांना ओळखलं, पायाकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, आणि हळहळण्यात वेळ न घालवता म्हणाल्या, "या, तुमचं लेकरू बघा. एक बिजागरी हललेली नाही अजून." हे पाय ओढत कपाटाजवळ गेले. डावा तळवा ह्यांनी लाकडावर ठेवला आणि कडेने सरकवत नेला, कोपऱ्यापर्यंत, कोपऱ्यावर अंगठ्याने सांधा चाचपला. काचेआड शिंपल्याची, शिंगाची, काचेची बटणं, प्रत्येकाखाली कुणाच्या तरी गेलेल्या सदऱ्याचा उल्लेख. "असू दे," हे म्हणाले. मी शिकवल्याप्रमाणे गप्प. पण बाईंना कुणी शिकवलेलं नव्हतं. "असू दे काय?" त्या फणकारल्या. "चांगल्याला चांगलं म्हणायचं नाही का? आजकाल मिळतं का असं काम?" हे हसले. चेहऱ्याची डावी बाजूच हसते आता, पण हसले. "असू दे," पुन्हा, जरा लाजल्यासारखं. "बरं बाबा, राहिलं," बाई म्हणाल्या. त्यांचं दोघांचं बोलणं चाललं होतं. मला सरळ मत्सर वाटला. मी ज्या माणसाला रोज भरवते त्याच्याशी ही परकी बाई गप्पा मारत होती आणि मी त्यांच्यात उभी राहून पितळी बटणं बघत होते.

कुलपांचं संग्रहालय बंद होतं. दाराला कुलूप. मालक मुलीकडे गेल्याचं शेजारच्यांनी सांगितलं. भावजींना हसू आवरेना. मलाही आलं असतं, दुसऱ्या एखाद्या दिवशी. खिडकीला कपाळ टेकून मी आत पाहिलं. ह्यांची कपाटं अंधारात ओळीने उभी होती आणि त्यांच्या काचांवर एक बाई दिसत होती, दोन्ही तळव्यांनी डोळ्यांना आडोसा केलेली, आत घेत नाहीत म्हणून बाहेर उभी. ती मी आहे हे कळायला क्षणभर लागला. हे मागे उभे होते. मी न वळता म्हटलं, "साहेब म्हणा." अगदी हळू, भावजींना ऐकू जाऊ नये असं. "अहो, एकदा म्हणा. चूक म्हणा. सा म्हणा नुसतं." मागे काठी जमिनीवर जराशी सरकली. "असू," हे म्हणाले. मी थांबले. खिडकीची काच माझ्या श्वासाने पांढरी झाली. "दे."

खरं तर मी तिथूनच परत फिरणार होते. पण भावजी म्हणाले, आलोच आहोत तर मास्तरांकडेही जाऊन येऊ. मास्तर म्हणजे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. त्यांनी आपल्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत जुन्या हत्यारांचं संग्रहालय केलेलं. अतिशय सरळ माणूस. त्यांना विनोद कळत नसे, म्हणजे जराही नसे, तुम्ही काही गमतीने म्हटलंत की ते थोडा विचार करून म्हणायचे, "शक्य आहे." शेवटच्या कपाटात त्यांनी कशासाठी वापरत ते कुणालाच माहीत नाही अशा वस्तू ठेवल्या होत्या, आणि वर सुरेख अक्षरात पाटी: 'हे काय असावे?' कपाट बसवायला गेलो होतो तेव्हा ती पाटी वाचून मी ह्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाले होते, "मास्तर, हे काय असावे ते मलाही अजून कळलेलं नाही." हे खो खो हसले होते. मास्तर म्हणाले होते, "शक्य आहे." त्यानंतर मी मागच्या अंगणात हात धुवायला गेले, मास्तरांच्या पत्नीने मला तिथेच गप्पांना बसवलं, आणि हे बराच वेळ त्या कपाटापाशी मास्तरांबरोबर राहिले. परतताना गाडीत हे मिशीतल्या मिशीत हसत होते. मी विचारलंही नाही. माणूस आपल्याच बाजूला बसलेला असतो, त्याला उद्या विचारता येतं.

आता मास्तर एकटे होते. पत्नी गेल्याचं त्यांनी एका वाक्यात सांगितलं आणि आम्हाला आत नेलं. शेवटच्या कपाटावरची पाटी तीच, पण आत प्रत्येक वस्तूखाली आता चिठ्ठी होती, त्याच सुरेख अक्षरात. "ह्यांचेच उपकार," मास्तर ह्यांच्याकडे आदराने बघत म्हणाले. "त्या दिवशी ह्यांनी एकेक वस्तू ओळखून दिली. मी आपला लिहीत गेलो, अगदी शब्दशः. एवढी माहिती असलेला माणूस मी पाहिला नाही."

मी वाकले. वाकड्या लोखंडी आकड्याखाली लिहिलं होतं: 'पाहुणा उठत नसल्यास खुर्चीखालून सरकवण्याचा आकडा. सावकाश वापरावा.' त्याच्या शेजारी दोन्ही टोकांना मुठी असलेला एक दांडा: 'भांडणात नवरा-बायकोने एकेक टोक धरून बसावे. जो आधी सोडेल त्याने चहा करावा.' मी ते डोळ्यांनी वाचत नव्हते. ते मला ऐकू येत होतं. 'सावकाश वापरावा' म्हणताना हे आवाज कसा खाली आणतील, कुठे थांबतील, भुवई कुठे वर जाईल. घरात महिनोन्‌महिने ज्या आवाजासाठी मी भिंतीला कान लावून बसले होते, तो इथे, बंद काचेआड, धूळ न लागता बसून होता. कडेला एक पितळी कडं होतं, त्याला बारीक दातेरी चाक आणि चाकाला लाकडी मूठ. खाली चिठ्ठी.

'साहेबांना खूश ठेवण्याचे यंत्र. अजून चाललेले नाही.'

"ह्याबद्दल लोक फार विचारतात," मास्तर म्हणाले. "कोणते साहेब? मी सांगतो, जुन्या काळातले कुणी अधिकारी असतील. कडक असावेत."

भावजी तोंड फिरवून खिडकीपाशी गेले. त्यांचे खांदे हलत होते. हसण्याने की कशाने, मी पाहिलं नाही. मी मास्तरांना सांगितलं. सांगावंच लागलं, माझा चेहरा बघून ते पाणी आणायला निघाले होते. म्हटलं, मास्तर, साहेब म्हणजे मी. हे मला साहेब म्हणायचे. ही सगळी ह्यांची थट्टा आहे.

मास्तरांनी थोडा विचार केला. मान, कान, कपाळ, सगळं हळूहळू लाल झालं. "म्हणजे इतकी वर्षं मी लोकांना..." त्यांनी खिशातून किल्ली काढली. "काढून टाकतो. चुकीची माहिती ठेवणं बरोबर नाही." दार उघडलं, आकड्याखालची चिठ्ठी उचलली, दांड्याखालची उचलली, मग पितळी कड्याखालची उचलून ती मात्र माझ्यापुढे धरली. "ही तुम्ही न्या. तुमचीच आहे."

मी हात पुढे केला. कबूल करते, मला ती हवी होती, अधाशासारखी हवी होती. उशीखाली ठेवली असती. वाचाबाईच्या कार्डांत घातली असती, मांजर आणि चमच्याच्या मध्ये.

"असू दे," हे म्हणाले.

मास्तरांचा हात हवेतच थांबला. त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं, अगदी गंभीरपणे, कारण त्या माणसाला कुणाचंही बोलणं गंभीरपणेच घेता यायचं. "असू दे म्हणता? आहे तिथेच?"

"असू दे."

मी ह्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. डोळे माझ्याकडे नव्हते, चिठ्ठीकडेही नव्हते. उघड्या दाराच्या बिजागरीकडे होते. कदाचित हे फक्त बिजागरीच बघत होते. कदाचित सुई पुन्हा त्याच खाचेत पडली होती, आणि हा योगायोग होता, जसा सगळा जन्म असतो. पण शब्द असा बसला, असा चपखल, की मला ह्यांच्या सांध्यांची आठवण झाली, दोन लाकडांमध्ये नख जाणार नाही असे. माझ्या घशात कितीतरी महिन्यांची उत्तरं एकावर एक साचलेली. त्यातलं एकच वर आलं.

"बरं," मी म्हटलं. "असू दे."

हे वळले. इतक्या झटकन की काठी डगमगली. माझ्याकडे बघत राहिले, एखाद्या ऑफिसबाहेर दिवसेंदिवस बसलेल्या माणसासाठी शेवटी दार उघडावं तसे. मला ते सहन झालं नाही, मी कपाटाकडे बघितलं. मास्तरांनी तिन्ही चिठ्ठ्या पुन्हा ज्याच्या त्याच्या खाली ठेवल्या, कडा बोटाने सरळ केल्या, आणि दार लावलं. आतल्या हवेने बारीकसा सुस्कारा टाकला. ह्यांनी मान तिरपी करून तो ऐकला.

परतीच्या वाटेवर शेतं आता उलट्या बाजूने मागे जात होती. मी ह्यांचा उजवा हात माझ्या मांडीवर घेतला होता. त्याला ते कळत नाही, पण मला कळतं. 'साहेब' आता मला ऐकू येणार नाही, हे मला त्या कपाटापाशीच समजलं होतं. तो शब्द तिथे ठेवून आलो आम्ही. कुणीही जावं, वाकून वाचावं, एखाद्या कडक अधिकाऱ्याची कल्पना करावी. उद्या वाचाबाई येईल, कार्डं मांडेल, मी काय सांगणार तिला? सांगेन की मी उत्तर दिलं. रागावली तर रागावली. बसथांबा गेला, आता रिकामा. बसथांबा गेला, आता रिकामा. मला उगाचच रडू आलं आणि रडता रडता तो आकडा आठवला, सावकाश वापरावा, आणि मग हसूही आलं, दोन्ही एकदम, नाक पुसायला काही सापडेना. मी ह्यांच्या कानाशी झुकले.

"चाललं हो ते," मी म्हटलं. "तुमचं यंत्र."

"काय चाललं, वहिनी?" भावजींनी पुढून विचारलं.

"असू दे," हे म्हणाले.

आणि मग पुढच्या वळणावर, कुणीच काही विचारलेलं नसताना, पुन्हा.